समिती बोर्डावर आहे, आणि सर ‘आपले’ आहेत

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. बेळगावच्या एका कॉलेजात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज बसनं ये-जा करते. तिची जिवलग मैत्रीण कन्नड बोलणारी, बैलहोंगलकडची, पीजीत राहते. जानेवारीत कॉलेजची सहल हंपी-बदामीला गेली होती. परतीच्या प्रवासात, बसमधले दिवे बंद झाल्यावर, सोबत आलेले एक प्राध्यापक या मैत्रिणीच्या अंगचटीला आले. पुढे दोन महिने रात्री-अपरात्री त्यांचे मेसेज येत राहिले. एकात ‘इंटरनल मार्क माझ्याच हातात आहेत’ असंही होतं. मैत्रिणीला तक्रार करायची नाही. प्राध्यापक मराठी आहेत, मराठी मुलांच्या फी-सवलतीसाठी धावपळ करतात, आसपासच्या गावांतल्या साहित्य संमेलनांत भाषणं करतात. पत्रलेखिका आणि वर्गातल्या काही मुली, मराठी आणि कन्नड दोन्ही, सह्यांची मोहीम काढायच्या विचारात आहेत. मागणी अशी की कॉलेजनं नवं, कडक धोरण करावं आणि तक्रार आल्याच्या दिवशीच संबंधिताला काढून टाकावं. एक संघटना कॉलेज बंद करून द्यायला तयार आहे, पण ‘मुलगी कोण ते सांगा’ म्हणते. हे सगळं पत्रलेखिकेनं घरी फक्त काकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, ‘कशाला नसत्या भानगडीत पडतीस गे? आधीच कॉलेजात मराठी माणूस शिल्लक नाही. आपल्याच माणसाला आपण खाली ओढायचं काय?’ ती विचारते: गप्प बसले तर मैत्रिणीशी दगा होतो, बोलले तर आपल्या माणसांशी. आणि वडिलांना कळलं तर माझं शिक्षणच थांबेल. मी काय करू?

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या लांबलचक पत्रात तुझी मैत्रीण फक्त दोनदा बोलते. एकदा तुला सगळं सांगताना, आणि एकदा ‘माझं नाव कुठं घेऊ नको’ म्हणताना. बाकी पत्रभर बोलतात ते दुसरेच लोक: काका, संघटनेचा तो कार्यकर्ता, वर्गातल्या मुली. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू, मोहिमेबद्दल नंतर.

तू लिहितेस, ‘तिनं तक्रारच केली नाही तर आमच्या मोहिमेला अर्थ काय राहतो?’ पत्रातल्या तुझ्या बहुतेक अडचणी या एका वाक्यातून निघाल्यात. मोहिमेला एक पीडित मुलगी लागते, तिची हकीकत लागते, त्याशिवाय प्राचार्य ऐकणार नाहीत, हे तू गृहीत धरलं आहेस. संघटनाही तेच धरून चालली आहे, म्हणून तिला नाव हवं आहे. मला हे पटत नाही. कॉलेजात तक्रार समिती नीट असावी ही मागणी करायला कुणावर अन्याय झालेला असावा लागत नाही. एकही तक्रार आलेली नसली तरी ती समिती असलीच पाहिजे, असा नियम आहे.

म्हणजे तुझ्यापुढची कामं दोन आहेत आणि ती वेगळी ठेवायची आहेत. कॉलेजनं नियम पाळावा यासाठी तुम्ही सगळ्या मिळून लढू शकता, आजपासून. तुझ्या मैत्रिणीचं काय करायचं हे मात्र तिनं ठरवायचं. तू तिच्या सोबत राहायचं, तिच्या वतीनं ठरवायचं नाही. मोहिमेच्या कुठल्याही कागदावर, भाषणात, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ‘सहलीत जे झालं’ असा नुसता उल्लेखही नको. बेळगावच्या कॉलेजांत सहलीला कोण गेलं होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. दोन दिवसांत नाव फुटेल.

आता ‘नवं कडक धोरण’ या मागणीकडे येते. नवं काही करायची गरज नाही, जुनंच कुणी उघडून पाहिलेलं नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, २०१३ मध्ये त्यांचा कायदा झाला, आणि कॉलेज-विद्यापीठांतल्या विद्यार्थिनींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २०१५ चे स्वतंत्र विनियम आहेत. मे २०१६ पासून ते लागू आहेत. इंजिनिअरिंगसारख्या तांत्रिक कॉलेजांसाठी एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचे, वेगळे विनियम आहेत. दिल्लीत जेएनयूमध्ये १९९९ पासून विद्यार्थ्यांनी निवडलेले प्रतिनिधी असलेली समिती होती. ती २०१७ मध्ये बंद करून नेमलेली समिती आणली, तेव्हा मुलींनी भांडण केलं ते याच मुद्द्यावर, की समिती कुणी बसवायची आणि ती कुणाला बांधील असायची. तुमच्या कॉलेजातलं भांडणही त्याच जातीचं आहे.

तू पत्रासोबत नोटीस बोर्डाचा फोटो पाठवलास ते फार चांगलं केलंस. मी तो बराच वेळ पाहत होते. ऑफिसजवळचा काचेचा बोर्ड, परीक्षेच्या वेळापत्रकाखाली अर्धा झाकलेला कागद, कन्नड आणि इंग्रजीत. मथळ्यात महिला तक्रार समिती आणि रॅगिंगविरोधी समिती एकाच ओळीत बसवल्या आहेत. अध्यक्ष प्राचार्य. सदस्य दोन विभागप्रमुख, त्यातला एक त्याच प्राध्यापकांच्या विभागाचा. मग ऑफिसचे अधीक्षक, आणि एक मॅडम, ज्या तू लिहितेस त्याप्रमाणे निवृत्त होऊन गेल्या. संपर्कासाठी नंबर त्यांचाच. खाली तारीख नाही.

हा कागद यूजीसीच्या विनियमांशेजारी ठेवून वाच. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक असावी लागते, कॉलेजात किमान असोसिएट प्रोफेसर दर्जाची. इथे प्राचार्य आहेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्या माणसांना समितीत बसताच येत नाही. समिती स्वायत्त राहावी म्हणून ही अट आहे. इथे दोन विभागप्रमुख आहेत. दोन प्राध्यापक आणि दोन शिक्षकेतर कर्मचारी हवेत. महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती हवी. प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी सदस्य हवेत आणि तेही पारदर्शक पद्धतीनं निवडून आलेले. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला हव्यात. मुदत तीन वर्षांची. तुमच्या कागदावर बाहेरचं कुणी नाही, विद्यार्थी नाहीत, मुदत कधी सुरू झाली ते नाही.

विद्यार्थी सदस्यांवर तुम्ही अडून बसा असं मी म्हणेन. कर्नाटकातल्या कॉलेजांत विद्यार्थी निवडणुका कित्येक वर्षं बंद आहेत. त्यामुळे ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ म्हणजे सरांनी बोट दाखवलेली शहाणी मुलगी, अशी पद्धत पडून गेली आहे. यूजीसीचा नियम मात्र निवडणुकीची भाषा बोलतो. वर्गावर्गातून गुप्त चिठ्ठीनं निवड करायला काही अवघड नाही. प्राचार्य म्हणतील, निवडणुकीला बंदी आहे. त्यांना नम्रपणे सांगा की ही विद्यार्थी संघटनेची निवडणूक नव्हे, वैधानिक समितीतल्या सदस्यांची निवड आहे.

आणि ‘सहलीतली गोष्ट, कॉलेजच्या बाहेरची’ असं ऑफिसात कुणी म्हणालं, तर तेही चुकीचं. विनियमांत आवाराची व्याख्या मुद्दाम मोठी केली आहे. सहली, क्षेत्रभेटी, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव, कॉलेजनं केलेली वाहनाची सोय, हे सगळं त्यात येतं. हंपीहून परतणारी बस म्हणजे कॉलेजच.

तुमच्या दुसऱ्या मागणीशी, त्याच दिवशी काढून टाका याच्याशी, माझं जमत नाही. तुमचा राग मला कळतो. रागावायलाच हवं अशी गोष्ट आहे. पण चोर्ला घाट उतरून पलीकडे काय झालं ते ऐक. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीनं चौकशी केली, दोषी ठरवलं, नोकरी गेली, उच्च न्यायालयातही ते टिकलं. मग मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळं रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली. कारण समितीनं शेवटच्या टप्प्यात फार घाई केली होती, त्या माणसाला आपली बाजू मांडायची पुरती संधीच दिली नव्हती. ज्या मुलींनी हिंमत करून तोंड उघडलं होतं त्यांच्या पदरात १४ वर्षांनी काय पडलं, याचा विचार कर. चौकशी कच्ची झाली की त्याचा फायदा पहिल्यांदा आरोपीलाच होतो. म्हणून दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारी, नोंदी नीट ठेवणारी, वेळेत संपणारी चौकशी मागा. याच निकालात न्यायालयानं देशभरातल्या समित्यांची तपासणी करायला सांगितली, आणि सदस्यांची नावं, फोन, ईमेल, तक्रारीची पद्धत वेबसाइटवर ठेवायला सांगितली. कॉलेजं आणि विद्यापीठं त्यातून सुटलेली नाहीत. तुमच्या अर्जात हा आधार घाला.

चौकशी चालू असताना मुलीला संरक्षण मात्र पहिल्या दिवसापासून मागता येतं. तिचे पेपर, इंटरनल, प्रॅक्टिकल त्या माणसानं तपासायचे नाहीत, असा आदेश समिती सुचवू शकते. तिच्यापासून लांब राहायची ताकीद देता येते. तिला हजेरी न बुडता तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. धमकी असेल तर त्याला आवारात येण्यापासून रोखता येतं. इंटरनल मार्क हीच तुझ्या मैत्रिणीची सगळ्यात मोठी भीती आहे, आणि तिच्यावरचा उपाय नियमात लिहिलेला आहे. तिला हे बहुधा कुणी सांगितलेलंच नाही.

तेव्हा तिच्याजवळ बस आणि तिला माहिती दे. ‘तक्रार कर’ही म्हणू नको आणि ‘सोडून दे’ही म्हणू नको. तक्रार लेखी करायची असते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. घटना एकामागून एक घडत गेल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. म्हणजे तिच्या बाबतीत मुदत जानेवारीपासून नव्हे, शेवटच्या मेसेजपासून धरता येते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार आल्यावर सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला जाते, त्यानं दहा दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी ९० दिवसांत संपवायची. तडजोडीचा रस्ता फक्त तिनं स्वतः मागितला तरच खुला होतो, आणि त्यात पैशाचा व्यवहार चालत नाही. हे सांगायचं कारण, आपल्याकडे संस्थेतलं कुणीतरी मोठं माणूस दोघांना केबिनमध्ये बसवतं, ‘झालं गेलं विसरा’ म्हणतं आणि प्रकरण मिटवतं. ‘सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच उलटेल’ ही भीतीही तिला असेल. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, असं २०१३ च्या कायद्यात स्पष्ट आहे. मुद्दाम, खोटं माहीत असून केलेली तक्रार वेगळी.

तिनं काहीही ठरवलं तरी मेसेज पुसू नका. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून दोन ठिकाणी ठेवा, मूळ चॅट फोनमध्ये राहू दे. ते कुणाला फॉरवर्ड करायचे नाहीत, ‘फक्त आपल्या ग्रुपवर’ सुद्धा नाही. सहलीत ती कुठल्या सीटवर होती, शेजारी कोण होतं, बस कुठे थांबली, हे तिच्याच शब्दांत वहीत लिहून तारीख घालायला सांग. आठवण दोन महिन्यांनी धूसर होते.

पोलिसांचा रस्ता वेगळा आणि तोही तिचाच. बसमध्ये जे झालं तो भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. तिला गुन्हा नोंदवायचा असेल तर कॉलेजनं मदत करायची आहे, अडवायचं नाही. कुठल्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यांची हेल्पलाइन १५१००. महिला हेल्पलाइन १८१. तातडीला ११२.

एक गोष्ट तुझ्यासारख्या इतर वाचकांसाठी इथेच सांगते. आपल्याकडे पुष्कळ कॉलेजांत पीयू, म्हणजे अकरावी-बारावी, आणि डिग्री एकाच इमारतीत भरतात. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर ‘तिची इच्छा’ हा मुद्दा तेवढ्यावर थांबत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो आणि ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं, शिक्षकांना तर नक्कीच. पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगीही सतरा वर्षांची असू शकते. वय आधी विचारून घ्या.

आता काकांकडे येते. त्यांच्या बोलण्याला मी हसण्यावारी नेणार नाही. सीमाभागात वाढलेल्या माणसाला ते वाक्य पोटातून येतं. बोर्ड कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, बस कन्नडमध्ये, आणि त्यात एखादे सर असतात जे मराठीत बोलतात, फॉर्म भरून देतात, खेड्यातल्या पोराची फी माफ करून आणतात, कडोलीच्या नाहीतर येळ्ळूरच्या संमेलनात कविता वाचायला लावतात. अशा शिक्षकांमुळे इथे मराठी टिकली, हे खरं आहे. मी स्वतः ते ऋण मानते. तुझ्या मनात त्या सरांबद्दल अजूनही थोडा आदर शिल्लक आहे आणि त्याची तुला लाज वाटते, असं पत्रात दोन ओळींच्या मधे दिसतं. लाज वाटून घेऊ नको. एखाद्या माणसानं तुझ्यासाठी चांगलं केलेलं असू शकतं आणि त्याच माणसानं तुझ्या मैत्रिणीचं वाईट केलेलं असू शकतं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, म्हणूनच हे एवढं जड जातं.

पण ते ऋण कुणी फेडायचं? काकांच्या हिशोबात ते फेडते बैलहोंगलची एकोणीस वर्षांची मुलगी, जी त्या सरांचं काही लागत नाही. उद्या तिच्या जागी खानापूरची मुलगी असेल, आणि ती कुणाकडे जाणार? सर मराठी असल्यामुळेच तिच्या आईवडिलांनी तिला विश्वासानं त्या सहलीला पाठवलेलं असेल. मराठी माणूस टिकला पाहिजे याचा अर्थ मराठी मुलगी कॉलेजात टिकली पाहिजे असाही होतो. भीतीनं तिचं शिक्षण सुटलं तर त्या कॉलेजातल्या मराठीचं काय उरेल? काकांना हे असंच विचार. भांडू नको, विचार.

भाषेची दुसरी बाजूही आहे आणि मला तिची जास्त काळजी वाटते. आरोपी मराठी, मुलगी कन्नड. हे बाहेर गेलं की चोवीस तासांत ‘मराठी प्राध्यापकाचा कन्नड मुलीवर अत्याचार’ होईल. त्याला उत्तर म्हणून ‘मराठी माणसाला अडकवण्याचा डाव’ होईल. दोन्हीकडचे झेंडे येतील, पोलिसांची गाडी येईल. तक्रार समितीत बाहेरचा सदस्य नाही ही गोष्ट त्या गर्दीत कुणाला ऐकूही येणार नाही. मग तिला दोन्ही बाजूंनी वापरतील. तुमच्या गटात दोन्ही भाषांच्या मुली आहेत हे तुमचं सगळ्यात मोठं बळ आहे. अर्जावर पहिल्या दोन सह्या एक मराठी आणि एक कन्नड मुलीची असू देत. प्राचार्यांना भेटायला दोघी मिळून जा. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सव आणि काळा दिन यांच्या, आसपास किंवा इथल्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना असलं काही काढू नका, तेव्हा शहरात प्रत्येक कागदाचा रंग बघितला जातो.

जबाबाच्या भाषेची मागणीही त्याच बेतानं लिहा. अंगाला हात लावला हे परक्या भाषेत, पाच मोठ्या माणसांसमोर सांगणं किती कठीण असेल ते तुला कळतं. पण ‘मराठीत जबाब घ्या’ असं लिहिलंत तर तो सीमाप्रश्न होईल. ‘तक्रारदाराला ज्या भाषेत मोकळेपणानं बोलता येतं त्या भाषेत तक्रार आणि जबाब घ्यावा’ असं लिहा. त्यात मराठी आली, कन्नड आली, उर्दू आली, खानापूरकडची कोकणी आली.

संघटनेचं काय? मला त्यांच्या हेतूवर शंका घ्यायची नाही. संघटनेची ताकद कधी कधी लागतेच, विशेषतः प्राचार्य अर्ज घ्यायलाच नकार देतात तेव्हा. पण नाव मागणाऱ्याला नाही म्हणा, ठामपणे. तक्रारदाराची ओळख आणि तक्रारीतला मजकूर जाहीर करायला कायद्यानं मनाई आहे, एवढं एक वाक्य त्यांना पुरे. बंदची गरज आज नाही. बंदनं एक दिवस वर्ग बुडतील, दुसऱ्या दिवशी सगळे घरी असतील, आणि समिती होती तिथेच राहील. तुम्ही स्वतःही सरांचं नाव घेऊन स्टेटस ठेवू नका. अब्रूनुकसानीचा दावा तुमच्यावर यायला वेळ लागत नाही, आणि पुढे चौकशीत ‘आधीच बदनामी केली’ हा मुद्दा आयता मिळतो.

सह्यांच्या आधी दोन कागद मिळवा. पहिला कॉलेजच्या वेबसाइटवरच असेल: नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांना मानांकन देणाऱ्या संस्थेसाठी, कॉलेजनं दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल. त्यात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी काय यंत्रणा आहे हे कॉलेजला लिहावं लागतं. तिथे छान भरलेली समिती असेल आणि बोर्डावर हा कागद, तर दोन्हींच्या प्रती अर्जाला जोडा. आपण नॅकला काय सांगितलं ते कुठल्याही संस्थेला खोटं ठरायला नको असतं. दुसरा माहिती अधिकारातून. कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल तर १० रुपये भरून अर्ज करता येतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून मोजकं विचारा: समिती स्थापन केल्याचा आदेश, सदस्यांची यादी, गेल्या तीन वर्षांत आलेल्या तक्रारींची फक्त संख्या, वार्षिक अहवाल. नावं किंवा प्रकरणं विचारू नका. हा अर्ज एखादी माजी विद्यार्थिनी करू शकली तर उत्तम.

मग अर्ज एका पानाचा. आवक विभागात देऊन शिक्का मारलेली प्रत परत घ्या, हे विसरू नका. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं धरायचं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच पान विद्यापीठाच्या कुलसचिवांना, एक प्रत यूजीसीला आणि एक राज्य महिला आयोगाला. प्राचार्य विचारतील, ‘असं काय झालंय? कुणाला झालंय?’ याची तयारी दोघींनी करून जा. उत्तर एवढंच: ‘सर, नियमाप्रमाणे समिती हवी आहे. काही झालंय की नाही हे सांगायची जागा तीच.’

आणखी एका गोष्टीपासून सावध राहा, कारण ती प्रत्येक ठिकाणी होते. मुलींनी सुरक्षितता मागितली की कॉलेज मुलींनाच कोंडतं. सहली बंद, हॉस्टेलचं दार सहाला, फोन जमा. ‘तुम्हीच तर मागितलं’ म्हणतात. यूजीसीच्या विनियमांत याची दखल आहे: सुरक्षिततेच्या नावाखाली हॉस्टेलमधल्या मुलींना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावायचे नाहीत, त्यांच्या वावरावर पाळत ठेवायची नाही. अर्जाच्या शेवटी हे आपणहून लिहा. हंपीची सहल पुढच्या वर्षीही जायला हवी.

वडिलांबद्दल. काकांना सांगितलंस म्हणजे ते वडिलांच्या कानावर जाणारच, आणि काकांच्या शब्दांत जाणार. त्याआधी तू सांग. सगळं सांगायची गरज नाही, मैत्रिणीचं तर अजिबात नाही. ‘कॉलेजात मुलींच्या तक्रारींसाठी सरकारी नियमाप्रमाणे समिती असावी असा अर्ज आम्ही वर्गातल्या मुली देतोय, मीही सही केलीय’ एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. शक्य असेल तर आधी आईला सांग. आपल्याकडच्या आया अशा बाबतीत आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ओळखून असतात. तरीही घरचं वातावरण बिघडेल, शिक्षण खरंच थांबेल असं वाटत असेल, तर पहिल्या सह्यांत तुझं नाव नसलं म्हणून काही बिघडत नाही. अर्ज लिहिणं, नॅकचा अहवाल शोधणं, मैत्रिणीसोबत बसणं, ही कामं सहीइतकीच मोलाची आहेत. शेवटच्या वर्षाला आहेस. पदवी हातात पडू दे.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी अर्जाचा मसुदा मैत्रिणीला वाचायला दे. त्यातल्या कुठल्याही ओळीवरून आपण ओळखू येतो असं तिला वाटलं तर ती ओळ काढून टाक, कारण विचारू नको. तिनं तक्रार करायची ठरवली, तर तिचा अर्ज तुमच्या अर्जासोबत एकाच दिवशी देऊ नका, नाहीतर दोन्हींचा संबंध लावला जाईल. पण इंटरनलचे मार्क विद्यापीठाकडे जायच्या आत तिला ठरवावं लागेल, कारण मार्क दुसऱ्या कुणी तपासावेत हा आदेश त्यानंतर मिळून उपयोगाचा नाही. ती तारीख ऑफिसात विचारून ठेव, आणि तिला सांग.

तुझी,
ताई